लक्ष्मीबाईंच्या शरीरात विष सापडलं नाही

जुहूच्या जेव्हीपीडीमधलं कूपर हॉस्पिटल जून २०२० मध्ये देशभरात माहीत झालं. सुशांतसिंह राजपूतचं शवविच्छेदन तिथे झालं आणि पुढचे काही महिने आपल्यापैकी प्रत्येक जण न्यायवैद्यकाचा पदवीधर होता. गळ्यावरची खूण, व्हिसेरा, मृत्यूची वेळ, सगळ्यावर सगळ्यांचं मत. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या मंडळानं खुनाची शक्यता नाकारली, मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तरी अजूनही कुणीतरी फोन पुढे करून 'हा व्हिडिओ बघ' म्हणतंच. त्या गदारोळातून माझ्याकडे एक साधा प्रश्न उरला. दोन डॉक्टर एकाच देहाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, तेव्हा डॉक्टर नसलेला न्यायाधीश नेमकं काय करतो?

याचं उत्तर शोधताना मी सुप्रीम कोर्टाच्या १४ डिसेंबर १९५९ च्या एका निकालापाशी पोचलो. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. हा खटला पुण्यातल्या एका डॉक्टरवरचा आणि त्याच्या पेशंटच्या मृत्यूबद्दलचा. विष दिल्याचा आरोप, फाशीची शिक्षा, आणि शरीरात विषाचा कणही नाही. तीन न्यायमूर्ती होते. दोघांनी फाशी कायम केली, तिसऱ्यानं सोडून द्या म्हटलं. मी तो निकाल आधी कथेसारखा वाचला आणि मग, सवयीनं, प्रॉडक्शनमध्ये काही कोसळल्यावर आम्ही लॉग वाचतो तसा वाचला. दुसऱ्या वाचनात तो जास्त अस्वस्थ करतो.

लक्ष्मीबाई कर्वे पुण्यातल्या शुक्रवार पेठेत राहायच्या. नवरा १९४५ मध्ये वारला होता. एक मुलगा तरुणपणीच गेला, दुसऱ्याशी पटत नव्हतं. घर, शेअर्स, बँकेतले पैसे असं बऱ्यापैकी होतं. आधी क्षय होऊन गेलेला, शिवाय मधुमेह. डॉ. लागू हा त्यांचा डॉक्टर आणि त्यांच्याच वाड्यात राहणारा. घरचाच माणूस म्हणावा इतका जवळचा. मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघं पुण्याहून पॅसेंजर गाडीत बसले. पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हीटीला लागली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. स्ट्रेचरवरून उतरवून त्यांना टॅक्सीनं जी. टी. हॉस्पिटलला नेलं. पावणेसहाला दाखल केलं. शुद्ध आली नाही. साडेअकराला त्या गेल्या.

हॉस्पिटलच्या कागदावर लक्ष्मीबाई कर्वे हे नाव कुठेच नाही. तिथे आहे 'इंदुमती पौनशे'. इंदुमती हे त्यांचं माहेरचं नाव, आणि माहेरचं आडनाव पोंक्षे. म्हणजे धड खोटं नाही, धड खरंही नाही. ज्याला कुणी शोधायला आलं तर सापडणार नाही, पण विचारलं तर 'अहो, माहेरचं नाव सांगितलं' म्हणता येईल, असं नाव. हे नाव पहाटे सांगितलं गेलं, बाई जिवंत असताना. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉक्टर त्याच दिवशी पुण्याला परतला. मृतदेह न्यायला कुणी आलं नाही. हॉस्पिटलनं पुण्याच्या पत्त्यावर तार केली. नातेवाईक येतील असं उत्तर आलं, नातेवाईक आले नाहीत. मग बेवारस देहाचं जे होतं ते झालं. आधी शवागार, नंतर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ग्रँट मेडिकल कॉलेज. तिथे गळ्यावर एक खूण दिसली म्हणून प्रकरण कॉरोनरकडे गेलं आणि २३ नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी, शवविच्छेदन झालं. जखम नव्हती. व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला. विष नाही. पोलीस सर्जनचं मत असं पडलं की मृत्यू मधुमेहाच्या मूर्च्छेनं, डायबेटिक कोमानं, होऊ शकतो. फाइल बंद.

पुण्यात मात्र लक्ष्मीबाई जिवंत होत्या! त्यांच्या सहीची पत्रं येत होती. त्यात असं की मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, जयपूरजवळ राठोडीला असते, परत येणार नाही. इकडे त्यांचे शेअर्स विकले जात होते, बँकेतून पैसे निघत होते, आणि ते सगळं एकाच माणसाच्या हातून. नातेवाइकांना शंका आली, तक्रार थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली आणि मार्च १९५८ मध्ये डॉक्टरला अटक झाली.

एवढं ऐकल्यावर कुणालाही निकाल देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. मलाही वाटलं. पण कोर्टापुढचा पहिला प्रश्न 'हा माणूस लबाड आहे का' असा नव्हताच. पहिला प्रश्न होता, ही बाई नैसर्गिक मृत्यूनं गेली की नाही. तिचा देह तर केव्हाच गेलेला. उरले होते कागद आणि डॉक्टर.

डॉक्टरांचे दोन तट पडले. एकीकडे पोलीस सर्जन, ज्यांनी देह उघडून पाहिला होता. दुसरीकडे मधुमेहाचे जाणकार फिजिशियन, ज्यांनी देह पाहिला नव्हता पण हॉस्पिटलचे कागद वाचून ठाम सांगितलं की हा डायबेटिक कोमा नव्हे. आता नवशिक्याला वाटेल की ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं त्याचं वजन जास्त. पण डायबेटिक कोमा दहा दिवसांच्या प्रेतात चाकूनं शोधायची गोष्ट नाही. तो जिवंतपणी दिसतो. श्वास खोल आणि धपापता होतो, तोंडाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो, शरीर कोरडं पडतं, आणि हे सहसा तासन्‌तास किंवा दिवसभर हळूहळू वाढत जातं. रात्री आपल्या पायांनी गाडीत चढलेली बाई पहाटे पूर्ण बेशुद्ध, आणि ही लक्षणं जुळत नाहीत, हे बहुमताला निर्णायक वाटलं. म्हणजे कोर्टानं तज्ज्ञांच्या पदव्या मोजल्या नाहीत. प्रत्येक तज्ज्ञ कशाकडे बघून बोलतोय आणि तिथून त्याला काय दिसू शकतं, हे पाहिलं. साक्षीपुरावा कायद्याचं कलम ४५ तज्ज्ञाचं मत ऐकायची मुभा देतं, ते मानायची सक्ती करत नाही. (आता तो कायदा भारतीय साक्ष्य अधिनियम झाला आहे. तत्त्व तेच.)

मग पोलीस सर्जनचं मत आलं कुठून? इथे मला माझ्या कामाची आठवण होते. 'डायबेटिक कोमा' हे कारण हॉस्पिटलच्या केसपेपरवर आधीच लिहिलेलं होतं. लघवीत साखर होती, मधुमेहाचा इतिहास होता, तर्क सोपा. पण ज्या मानद फिजिशियनांनी बाईंना शेवटी तपासलं त्यांना संशय आला होता आणि त्यांनी शवविच्छेदन करून घ्यायला सांगितलं होतं. तशी नोंद कागदावर झाली आणि नंतर ती खोडली गेली. बहुमताच्या निकालात या खाडाखोडीवर बराच वेळ घालवलेला आहे, आणि मला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो कंटाळवाणा आहे. कुणी कधी काय लिहिलं, कोणता शब्द कशावर गिरवला, कोणती ओळ नंतर घुसवली. आमच्याकडे याला कमिट हिस्टरी म्हणतात. फरक एवढाच की १९५६ च्या केसपेपरला कमिट हिस्टरी नव्हती, आणि ती शाईवरून जुळवावी लागली.

हे कळलं की दोन डॉक्टरांची सहमती अचानक एकावर येते. हॉस्पिटलचा कागद डायबेटिक कोमा म्हणतो, शवविच्छेदनही तसंच होऊ शकतं म्हणतं. हे दोन पुरावे वाटतात. पण दुसरा पहिल्यावर टेकून उभा असेल तर तो एकच पुरावा आहे, दोनदा मोजलेला. माझ्या अनुभवात चुकीचे निष्कर्ष बहुतेक वेळा असेच निघतात. तीन डॅशबोर्ड हिरवे दिसतात आणि तिन्ही एकाच बिघडलेल्या सेन्सरवरून माहिती घेत असतात.

आता विष न सापडण्याचं काय? बचावाचा हा सर्वांत मोठा आधार, आणि वरवर पाहता अभेद्य. विषप्रयोगाच्या खटल्यात सरकारनं तीन गोष्टी सिद्ध कराव्यात असं सुप्रीम कोर्टानंच आधी म्हटलं होतं: मृत्यू विषानं झाला, आरोपीजवळ ते विष होतं, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली. इथे फक्त तिसरी गोष्ट होती.

टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही, असं कुणी ज्युनियर म्हणाला की सीनियर विचारतो, तुझी टेस्ट हा बग पकडू शकते का? रासायनिक तपासणीचंही तेच. ती ज्या विषांसाठी बनली आहे तीच विषं पकडते. १८३६ मध्ये जेम्स मार्शनं आर्सेनिकची चाचणी शोधली त्याआधी आर्सेनिकचे कितीतरी खून आजारपण म्हणून खपले असतील. रूजलीच्या विल्यम पामर या डॉक्टरवर १८५६ मध्ये लंडनला खटला चालला. आपल्या मित्राला स्ट्रिकनीन दिल्याचा आरोप, इंग्लंडमधले नावाजलेले विषतज्ज्ञ टेलर साक्षीला, आणि देहात स्ट्रिकनीन सापडलंच नाही. पामर फाशी गेला. न्या. हिदायतुल्लांनी आपल्या निकालात या खटल्याची आठवण काढली आहे.

मला मात्र दुसरंच उदाहरण जास्त बोलकं वाटतं. मे १९५७ मध्ये, म्हणजे लक्ष्मीबाईंनंतर सहा महिन्यांनी, इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाच्या नर्सची बायको बाथटबमध्ये मेलेली सापडली. नेहमीच्या तपासणीत कुठलंही विष नाही. डॉक्टरांनी भिंगानं कातडी तपासली तेव्हा इंजेक्शनच्या बारीक खुणा दिसल्या. त्या जागचं मांस काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला. उंदीर इन्सुलिन दिल्यासारखे मेले. इन्सुलिननं केलेला खून सिद्ध होण्याची ही पहिली वेळ मानतात. रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजायची पद्धत न्यूयॉर्कच्या यालो आणि बर्सन यांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी प्रसिद्ध केली. म्हणजे १९५६ साली मुंबईत व्हिसेराच्या बरणीत असं काही असतं, तरी अहवाल 'विष नाही' असाच आला असता. लक्ष्मीबाईंना इन्सुलिनच दिलं असं मी म्हणत नाही, कोर्टानंही तसं म्हटलेलं नाही. जी. टी.मध्ये उपचार म्हणून त्यांना इन्सुलिन टोचलं होतंच, त्यामुळे ते सापडूनही गोंधळच झाला असता. सांगायचं इतकंच, की 'सापडलं नाही' या वाक्याचं वजन शोधणाऱ्याच्या हत्यारावर ठरतं. दहा दिवसांचा उशीर, डॉक्टर आरोपी आणि १९५६ ची प्रयोगशाळा, या तिन्हींपुढे त्या अहवालाचं वजन फार हलकं होतं.

पण हलकं वजन म्हणजे उलट बाजूचं वजन नव्हे. रिकामी बरणी विष नसल्याचं सिद्ध करत नाही, तशी विष असल्याचंही सिद्ध करत नाही. इथे न्या. सरकार यांचा असहमतीचा निकाल वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वैद्यकीय पुरावा मृत्यू अनैसर्गिक होता असं सांगू शकत नाही. मग ती उणीव तुम्ही आरोपीच्या नंतरच्या वागण्यानं भरून काढताय. पण नंतरचं वागणं काय दाखवतं? हा माणूस लोभी आहे, खोटारडा आहे, बाईंच्या पैशांवर त्याचा डोळा होता. समजा त्या खरंच आजारानं गेल्या. लोभी माणूस काय करेल? मृत्यू लपवेल, पत्रं लिहील, पैसे काढेल. अगदी हेच. मग ही पत्रं खुन्याकडे बोट दाखवतात की संधिसाधूकडे, हे कसं ठरवणार?

हा प्रश्न खोडसाळ नाही. गणिताच्या भाषेत सांगायचं तर पुरावा कितीही धक्कादायक असो, तो दोन कथांपैकी कुठल्या कथेत जास्त अपेक्षित आहे हेच बघायचं असतं. दोन्हींत सारखाच अपेक्षित असेल तर त्याचं वजन शून्य. राठोडीची पत्रं वाचून अंगावर काटा येतो, पण खून आणि लबाडी यांच्यात निवड करायला ती जवळजवळ निरुपयोगी आहेत. आपल्या फोनवर चालणारे नव्वद टक्के खटले अशाच पुराव्यावर चालतात असं मला वाटतं. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, कुठल्या पाहणीचा नाही.)

म्हणून मी काळाची रेघ ओढली. मृत्यूनंतरचं सगळं एका बाजूला काढून ठेवलं आणि मृत्यूआधीचं फक्त उरू दिलं. काय उरतं? प्रवासाआधीच सह्या घेऊन ठेवलेली कागदपत्रं, ज्यांच्या आधारे पुढे पैसे निघाले. मार्ग काढत नेलेला एकांताचा रात्रीचा प्रवास, ज्यात दुसरं माणूस नाही. आणि पावणेसहाला सांगितलेलं ते नाव. संधिसाधू माणसाला संधी मिळायला आधी मृत्यू व्हावा लागतो. या माणसानं नाव बदललं तेव्हा बाई श्वास घेत होत्या. हॉस्पिटलमध्ये त्या बऱ्या होऊ शकत होत्या, तिथून उठून आपलं खरं नाव सांगू शकत होत्या. त्या उठणार नाहीत असं ज्याला वाटत होतं, त्यालाच हे नाव सुचावं.

माझ्यासाठी काटा इथे झुकतो. बहुमताकडे.

पण पूर्ण झुकत नाही, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. याच डॉक्टरनं हॉस्पिटलला पत्ता स्वतःचा दिला होता. म्हणून तर तार त्याच्याकडे पोचली. खून लपवायला निघालेला माणूस पेशंटला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, डझनभर डॉक्टरांच्या मधोमध, का नेईल? गाडीतच मेल्या असत्या तर? व्हीटीला लागून सेंट जॉर्जेस आहे, मग जी. टी. का, असाही प्रश्न पडतो. त्याला मी फार किंमत देत नाही, कारण ज्यानं ते अंतर चालून पाहिलंय त्याला माहीत आहे की तेही काही लांब नाही. पण पत्त्याचा प्रश्न टिकतो. कदाचित पत्ता न देता दाखल करून घेतलंच नसतं. कदाचित त्याला मृतदेहाची बातमी इतर कुणाआधी आपल्याला हवी होती. ही दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत, आणि 'पटण्यासारखं' एवढ्यावर कुणाला फासावर द्यायचं का, हा प्रश्न तरीही उरतो. दोषी ठरवण्याशी मी सहमत आहे. फाशीशी नाही. तीन न्यायमूर्तींपैकी एक जण, तेच कागद वाचून, प्रामाणिकपणे 'मृत्यू नैसर्गिक असू शकतो' म्हणत असेल, तर परत न घेता येणारी शिक्षा देण्याइतकी खात्री त्या दालनात नव्हती.

या निकालानंतर पंचवीस वर्षांनी पुण्याचाच आणखी एक विषाचा खटला सुप्रीम कोर्टात आला. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १७ जुलै १९८४. जून १९८२ मध्ये एक तरुण विवाहिता, लग्नाला चारच महिने झालेली, घरात मृत सापडली. या वेळी विष सापडलं होतं: पोटॅशियम सायनाइड. प्रयोगशाळेत काही संदिग्ध नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी नवऱ्याला फाशी सुनावली. सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तिनं लिहिलेल्या पत्रांत खोल निराशा होती, तेव्हा आत्महत्येची वाट बंद झालेली नव्हती, आणि सायनाइड त्याच्याजवळ होतं हे सिद्ध झालं नव्हतं. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी कोर्टानं तिथे सांगितलेली पाच तत्त्वं आज देशभरातल्या कोर्टांत 'पंचशील' म्हणून रोज उद्धृत होतात. त्यातलं कळीचं असं की पुरावा आरोपीच्या दोषाशी नुसता जुळून चालत नाही, त्यानं निर्दोषपणाच्या प्रत्येक शक्य कथेला बाहेर काढलं पाहिजे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चक्कर येते. विष नाही, शिक्षा आहे. विष आहे, सुटका आहे. मी हे एका मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे नशीबच की. मला तसं वाटत नाही. सारडा खटल्यात रसायनशास्त्रानं 'कशानं' याचं उत्तर दिलं होतं, पण प्रश्न 'कुणी' हा होता, आणि सायनाइडच्या कणावर हाताचं नाव लिहिलेलं नसतं. लागू खटल्यात रसायनशास्त्र गप्प होतं, पण हात, वेळ आणि नाव यांची साखळी जवळजवळ पूर्ण होती. प्रयोगशाळेचा अहवाल पानभर स्पष्ट असला की आपण त्याच्याच प्रश्नाला खटल्याचा प्रश्न समजतो, इथे गफलत होते.

सारडा निकालानं विषाच्या खटल्यांसाठी हेतूही जमेस धरून चार अटी घातल्या. आरोपीजवळ विष होतं हे सिद्ध करणं त्यातली एक. ती अट जशीच्या तशी लावली तर लागू खटला पहिल्याच पायरीला कोसळतो. १९८८ मध्ये भूपिंदर सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात कोर्टानं ती अट पुन्हा सैल केली. विष जवळ असल्याचा पुरावा नाही एवढ्यानं सरकारची बाजू प्रत्येक वेळी पडत नाही, बाकीची साखळी बघा, असं म्हटलं. तेव्हापासून वकील आपापल्या सोयीनं कधी हा निकाल काढतात, कधी तो.

१९५९ च्या निकालाकडे मी अजून अधूनमधून जातो. दोन्ही मतं मिळून तो लांबलचक आहे, त्यात शाईच्या रंगापासून लघवीतल्या साखरेपर्यंत सगळं आहे. लक्ष्मीबाईंना काय दिलं गेलं, त्या विषाचं नाव मात्र शेवटच्या पानापर्यंत येत नाही.